पेपर स्वीकारला, आता ३,००० डॉलर भरायचे का?

निपाणीच्या मॅडम, मोठ्या प्रकाशकाच्या जर्नलनं पेपर स्वीकारला आणि मेलमध्ये ३,००० डॉलरचा आकडा दिसला, म्हणून जर्नल बोगस तर नाही ना, असं तुम्ही विचारलंय. नुसत्या आकड्यावरून तसं म्हणता येत नाही. एल्सेव्हियर, स्प्रिंगर नेचर, वायली यांच्या बऱ्याच जर्नल्सची एपीसी (पेपर सगळ्यांना मोफत वाचायला खुला छापण्यासाठी लेखकाकडून घेतलं जाणारं शुल्क) याच घरात असते. आपल्याकडे ही रक्कम अडीच लाखांच्या वर जाते, कर वेगळा.

आधी जर्नलचा प्रकार पाहा. हायब्रिड असेल, म्हणजे खुले (ओपन ॲक्सेस) आणि फक्त वर्गणीदारांना वाचता येणारे (सबस्क्रिप्शन) असे दोन्ही पेपर छापणारं असेल, तर एपीसी भरायची सक्ती नाही. हक्कांच्या फॉर्ममध्ये ओपन ॲक्सेसशेजारी सबस्क्रिप्शनचा पर्याय असतो, तो निवडा. पान किंवा रंगीत आकृतीचे पैसे काही जर्नल्स मागतात, तेवढं तपासा. जर्नल पूर्ण ओपन ॲक्सेस असेल तर हा पर्यायच नसतो. सवलत मागायची तर पेपर पाठवतानाच. स्वीकृतीनंतर सहसा कुणी ऐकत नाही. प्रकाशकांची आपोआप माफी गरीब देशांच्या यादीला मिळते, भारत त्यात नाही.

खरी गोची वेगळीच. हायब्रिड जर्नल पेपर नाकारतं आणि सोबत 'आमच्या दुसऱ्या जर्नलकडे वळवू का?' असं विचारतं. ते दुसरं बहुधा एपीसीवालं असतं. 'हो' दाबण्याआधी दर बघा.

सबस्क्रिप्शनमध्ये छापूनही पेपर खुला करता येतो. परीक्षकांच्या सूचनांनंतरची, प्रकाशकानं मांडणी करण्याआधीची तुमची वर्ड फाइल जपून ठेवा. एम्बार्गो, म्हणजे प्रकाशकानं ठरवलेली थांबायची मुदत, संपल्यावर ती संस्थेच्या रिपॉझिटरीत (ऑनलाइन संग्रहात) टाका. स्प्रिंगर नेचरकडे साधारण १२ महिने, एल्सेव्हियरकडे बहुतेक १२ ते २४. प्रकाशकाची अंतिम पीडीएफ रिसर्चगेटवर (संशोधकांच्या नेटवर्किंग साइटवर) चढवू नका. हक्क प्रकाशकाकडे गेलेले असतात, फाइल उतरवायला लावतात.

संस्थांना जर्नल्स वाचायला मिळावीत म्हणून केंद्राची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना २०२५ पासून सुरू आहे, त्यात निवडक ओपन ॲक्सेस जर्नल्सच्या एपीसीसाठी वर्षाला १५० कोटींपर्यंत तरतूदही आहे. पण योजना सरकारी संस्थांपुरती. तुमच्या भागातलं राणी चन्नम्मा विद्यापीठ राज्याचं आहे, पण तुमचं अनुदानित कॉलेज खाजगी, म्हणून ते त्यात बहुधा बसत नाही. सहलेखक सरकारी संस्थेतले असतील तर त्यांच्या ग्रंथपालांना विचारा.

पुढच्या पेपरसाठी डीओएजेमध्ये (ओपन ॲक्सेस जर्नल्सच्या ऑनलाइन सूचीमध्ये) 'एपीसी नाही' हा फिल्टर लावा. तिथली बहुसंख्य जर्नल्स लेखकाकडून पैसे घेतच नाहीत.