स्प्लाइनमधली लाल पावडर

प्रश्न : नमस्कार, आमच्या डिझेल इंजिनच्या पीटीओवर (इंजिनची ताकद बाहेर देणारा शाफ्ट) हायड्रॉलिक पंप डायरेक्ट बसवलाय, मधे स्प्लाइन कपलिंग (दात्यांनी दोन शाफ्ट जोडणारा तुकडा). वर्षात तिसरं कपलिंग गेलं. उघडलं की आत कुंकवासारखी लाल पावडर. मटेरियल मऊ असेल म्हणून मागच्या वेळी हार्ड करून घेतलं, तर कपलिंग वाचलं आणि पंपाचा शाफ्टच खाल्ला. सगळे दाते सारखे झिजलेत, म्हणजे अलाइनमेंट (दोन्ही शाफ्ट एका रेषेत असणं) तर ठीकच असणार ना?

उत्तर : नाही हो, इथेच फसायला होतं. तिरकेपणा असतो हाउसिंगमध्ये, तो जागचा हलत नाही, शाफ्ट मात्र फिरतो, म्हणजे प्रत्येक दाता दर फेऱ्याला त्याच अडचणीच्या जागेतून जाणार, मग झीज सगळ्यांना सारखीच दिसणार. शिवाय शाफ्ट तिरका असला की लोड सगळ्या दात्यांवर वाटला जात नाही, समोरासमोरचे थोडेच दाते तो ओढतात आणि ओढताना पुढे-मागे घासतात. 30 मिमीच्या स्प्लाइनवर 0.1 अंश तिरकेपणा म्हणजे घासणं जेमतेम 0.05 मिमी, पण 1500 आरपीएमला ते तासाला 90,000 वेळा होतं! त्यातून निघणारा लोखंडाचा बारीक चुरा गंजतो, तीच तुमची लाल पावडर, आणि ती ग्रीसमध्ये मिसळली की पॉलिश पेपरचं काम करते. त्यामुळे एक बाजू हार्ड केली की दुसरी जाते, दुखणं तसंच.

माझा संशय अडॅप्टर प्लेटवर, म्हणजे इंजिन आणि पंप यांच्यामधल्या जोडप्लेटवर आहे (लेथवर बनवून घेतली असेल तर जास्तच). पंप काढा, इंजिन बंद ठेवून ड्राइव्ह हबवर (इंजिनच्या बाजूचा फिरणारा भाग) डायल गेज (बारीक फरक काट्यावर दाखवणारं मापक) लावा, टोक प्लेटच्या बोअरला (मधल्या गोल भोकाला) टेकवा आणि हातानेच पूर्ण फेरा फिरवा. काटा 0.30 फिरला तर सेंटर 0.15 मिमी आउट. मग तसंच प्लेटच्या फेसवर (सपाट बाजूवर) बघा, तिरकेपणा तिथे कळतो. पंप जड म्हणून मागून सपोर्ट दिला असेल तर पंप काढण्याआधीच त्याचा बोल्ट ढिला करून पंप सरकतो का तेही बघा, बरेचदा सपोर्टच पंपाला वाकडा दाबत असतो. पंपाचं पुढचं बेअरिंग आणि ऑइल सीलही तपासा, हा साइड लोड त्यांनाही भोवतो.

सेंटर आल्यावर स्प्लाइनला मॉलिब्डेनमवालं ग्रीस भरा, पण आधी ती लाल पावडर केरोसीनने पूर्ण धुऊन काढा. आणि पंपाचा शाफ्ट बदलावाच लागेल, त्या खाल्लेल्या दात्यांवर नवं कपलिंग चढवलं तर चौथंही जाईल.