वडिलांना ‘मागे काय लोड होता’ एवढंच विचारून बघा

तुमचा प्रश्न असा : वडील १९६६ ते १९८४ हवाई दलाच्या मालवाहू विमानांवर क्रूमध्ये होते, आधी पॅकेटवर आणि नंतर एएन-१२ वर. घरात त्या दिवसांबद्दल अवाक्षर काढत नाहीत. या लोकांच्या आठवणी असतात तरी कशा, आणि ते गप्प का राहतात?

मी वडिलांना ओळखत नाही. पण ते निवृत्त झाले त्याच वर्षी मी एअरक्रूमध्ये आलो. सुरुवातीला थोडे दिवस एएन-१२ केलं, पुढची सगळी वर्षं एएन-३२. ट्रेड फ्लाइट गनर. मूळचा कोरेगाव तालुक्यातला. बेळगावजवळच्या सांब्रा इथे भरतीनंतरचं ट्रेनिंग झालं, पाच वर्षं जमिनीवर काम केलं आणि मग एअरक्रूसाठी अर्ज केला. म्हणून थोडंफार सांगू शकेन असं वाटतं.

आधी ‘गनर’ या नावाबद्दल. एएन-१२ च्या शेपटीत खरोखर तोफांची जागा होती, तिथून हे नाव चालत आलं. एएन-३२ ला तोफ नव्हतीच. आमचं काम होतं विमानाचं पोट सांभाळायचं. काय चढलं, किती वजनाचं, कुठे ठेवलं, कशाने बांधलं, कोण बसलं, कोण उतरलं. पुढे पायलट, को-पायलट, नॅव्हिगेटर, फ्लाइट इंजिनिअर. मागे आम्ही. पुढच्यांना आभाळ दिसायचं, आम्हाला माणसं आणि पोती दिसायची. त्यामुळे माझ्या आठवणींत ढग फार कमी आहेत.

वजन म्हणजे काय ते मला लेहच्या उड्डाणांनी शिकवलं. चंदीगडची धावपट्टी समुद्रसपाटीपासून हजारएक फुटांवर, लेहची जवळजवळ साडेदहा हजारांवर. हवा विरळ, त्यामुळे पंखाला धरायला कमी आणि इंजिनालाही कमी. एएन-३२ मध्ये एरवी साडेसहा टनांच्या वर माल जातो, पण लेहहून उठताना तेवढ्याचा विचारही करायचा नाही. तिथे जवळजवळ एकाच बाजूने उतरायचं आणि उलट बाजूने उठायचं, कारण दुसऱ्या टोकाला डोंगर आहेत. त्यात दुपार झाली की वारा सुटतो. म्हणून सगळा खेळ पहाटेचा. अडीच-तीनला उठून चंदीगडच्या टारमॅकवर काट्यासमोर उभं राहायचं.

सुट्टीवरून परतणारा जवान आपल्या किटचं वजन नेहमी कमीच सांगतो. आईने दिलेले लाडू असतात, भडंग असतं, कुणाच्या पेटीत चार नारळ असतात. मी प्रत्येक पेटी काट्यावर ठेवायला लावायचो. सातारा-सांगलीकडची पोरं माझं मराठी ऐकून खूश व्हायची, आणि पेटी काट्यावर गेली की तोंड पाडायची. ‘सर, आपल्याकडचेच ना तुम्ही?’ आपल्याकडचा आहे म्हणूनच काट्यावर ठेव म्हणतो, असं मी सांगायचो. पन्नास माणसांनी प्रत्येकी पाच किलो लपवले तर अडीचशे किलो होतात, आणि ते विमानाच्या हिशोबात कुठेच नसतात. पायलट ज्या आकड्यावर विश्वास ठेवून थ्रॉटल पुढे करतो तो आकडा आमच्या सहीचा असतो. ही जबाबदारी माझ्या अंगात इतकी भिनली की आजही एसटीत कुणी वर जड बोचकं ठेवलं की माझं लक्ष तिकडेच राहतं.

तुमच्या वडिलांच्या एएन-१२ मध्ये आणखी एक गोष्ट होती. तिच्या फक्त पुढच्या भागात हवेचा दाब राखला जायचा. मागचं मोठं पोट उघड्या डोंगरासारखंच विरळ आणि गारठलेलं. लेहच्या वाटेवर झांस्करच्या रांगा ओलांडायच्या, म्हणजे विमान किती उंचीवरून न्यावं लागतं याचा अंदाज करा. मागे बसलेल्या जवानांना ऑक्सिजन घ्यावाच लागायचा. कित्येकांचं ते आयुष्यातलं पहिलं विमान. नव्या पोराला मास्क नकोसा होतो, रबराचा वास येतो, उलटी होईल असं वाटतं, आणि तो हळूच मास्क खाली करतो.

मला शिकवणाऱ्या वॉरंट ऑफिसरनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तोंडाकडे बघू नकोस, नखं बघ. ऑक्सिजन कमी पडला की माणसाला त्रास होत नाही, उलट बरं वाटतं. तो हसायला लागतो, किंवा त्याला गोड झोप येते. मी छोटा सिलिंडर काखेत मारून रांगेतून जायचो आणि इंजिनांच्या आवाजात खुणेनेच सांगायचो, हात दाखव. लोकरीचा मोजा काढायला लावायचो. नखं गुलाबी असली की पुढे. एकदा एका पोराची नखं जांभळट दिसली. तो भिंतीला डोकं टेकून हसत होता, शेजारच्यांना वाटत होतं मजेत आहे. मास्क वर चढवला, नळीतली अडकलेली घडी सोडवली, आणि नखांचा रंग परत येईपर्यंत त्याचा हात हातात धरून बसलो. दोन-तीन मिनिटं असतील. लेहला उतरताना तो मला ओळखतही नव्हता. त्याच्या लेखी काही घडलंच नव्हतं. तुमच्या वडिलांनी असे किती हात धरले असतील कोण जाणे, आणि त्यातल्या एकानेही पत्र पाठवलं नसेल, कारण त्याला पत्ताच नव्हता.

ईशान्येकडे, आसामातल्या जोरहाटला, काम वेगळं. अरुणाचलात कित्येक चौक्यांना आणि वस्त्यांना रस्ता नव्हता. विजयनगरसारख्या ठिकाणचं माणूस बाजाराला म्हणून निघालं की मियाओपर्यंत कित्येक दिवस जंगलातून चालायचं. तिथे मीठ, तांदूळ, रॉकेल वरूनच जायचं. एएन-३२ चा मागचा रॅम्प, म्हणजे माल चढवायची उतरती फळी, खाली उघडतो आणि सरकून पोटाखालीही जातो. मग मागे थेट आभाळ आणि खाली हिरवं जंगल. लष्कराच्या सर्व्हिस कोअरची पोरं गठ्ठे ढकलायला असायची, मी पट्ट्याने फरशीला अडकवलेला. दिवा लाल म्हणजे तयार, हिरवा म्हणजे सोड. दरी अरुंद, खालची जागा गावातल्या जत्रेच्या मैदानाएवढी, त्यामुळे एका फेरीत दोनच गठ्ठे, फार तर तीन. मग वळसा घालून पुन्हा. असं आठ-आठ, दहा-दहा वेळा.

एकदा शेवटचा मिठाचा गठ्ठा रोलरवर तिरका झाला आणि रॅम्पच्या काठावर अडकला. अर्धा आत, अर्धा बाहेर. दिवा पुन्हा लाल झाला, म्हणजे सोडायची वेळ संपली. आता सोडला तर जंगलात गेला, आणि तसाच राहिला तर वाऱ्याने पॅराशूट उघडून शेपटीला गुंतायची भीती. समोर दरी बंद होत होती, कॅप्टनला विमान वर घ्यायचं होतं, आणि नाक वर झालं की तो गठ्ठा आपोआप मागे ओढला जाणार. मी इंटरकॉमवर एवढंच बोललो, ‘सर, लोड अडकलाय, हळू.’ पुढून एकच शब्द आला, ‘किती?’ म्हणजे किती वेळ. मी म्हणालो, दहा सेकंद. एक जवान आणि मी फरशीवर बसलो, पाय रोलरच्या कडेला लावले आणि जाळीला धरून ओढलं. माझ्या तळहाताची साल निघाली. गठ्ठा आत आला. सुरीने गुंतलेला पट्टा कापला, दुसरा लावला. पुढच्या फेरीला तो बरोबर मैदानात पडला आणि खाली माणसं धावत येताना दिसली. त्या दहा सेकंदांत कॅप्टनने विमान कसं धरून ठेवलं असेल याचा विचार मी आजही करतो. संध्याकाळी मेसमध्ये ते माझ्याजवळ येऊन फक्त हात बघून गेले.

तुमच्या वडिलांच्या काळातली आणि त्याच्या थोडं आधीची काही मोठी कामं नोंदलेली आहेत. २३ जुलै १९६२ ला स्क्वाड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी पॅकेट विमान लडाखमधल्या दौलत बेग ओल्डीला, साडेसोळा हजार फुटांवर उतरवलं. याच पॅकेटच्या पाठीवर उंचीच्या कामासाठी एक जेट इंजिन बसवलं गेलं. वडिलांना त्याचा आवाज नक्की आठवत असेल. १९७१ च्या डिसेंबरात एएन-१२ च्या मागच्या दारातून बॉम्ब लोटले गेले, पाकिस्तानातल्या चांगा मांगाच्या जंगलातल्या दारूगोळ्यावर. त्या कामगिरीसाठी विंग कमांडर वशिष्ठ यांना महावीर चक्र मिळालं. मालवाहू विमान बॉम्बफेकीला नेलं, तेव्हा मागे पोटात ते बॉम्ब हाताने पुढे सरकवणारी माणसं होती. त्यांची नावं कुठे वाचायला मिळत नाहीत. याच महिन्यात ११ तारखेला पूर्व पाकिस्तानातल्या टांगाइलला पॅराशूट बटालियन उतरवली, त्यात एएन-१२, पॅकेट, डकोटा, कॅरिबू सगळीच विमानं होती. वडील यांपैकी कशात होते का, हे त्यांच्या लॉगबुकात, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीत, सापडेल. लॉगबुक घरात असेल तर ते आधी शोधा आणि ओलीपासून जपा.

आता गप्प राहण्याबद्दल.

७ फेब्रुवारी १९६८ ला चंदीगडहून लेहला निघालेलं एएन-१२ खराब हवेमुळे मागे फिरलं आणि रोहतांगच्या आसपास नाहीसं झालं. क्रू चार, प्रवासी ९८. वडील तेव्हा नोकरीत होते. पस्तीस वर्षांनी, २००३ मध्ये, गिर्यारोहकांना हिमनदीत त्याचे अवशेष मिळाले. त्यानंतर बर्फ थोडा थोडा करून माणसं परत देत राहिला. सप्टेंबर २०२४ मध्येही चार मृतदेह मिळाले, छप्पन्न वर्षांनंतर. टीव्हीवर ती बातमी लागली तेव्हा वडील उठून आत गेले होते का, हे आठवून बघा. मी गेलो होतो, आणि मी तर त्या वेळचाही नाही.

माझ्या काळातलं एक आहे. २५ मार्च १९८६ ला नवंकोरं एएन-३२ सोव्हिएत देशातून ओमानमार्गे जामनगरला येत होतं. सात माणसं. अरबी समुद्रावर गेलं ते गेलंच, आजतागायत काही सापडलेलं नाही. क्रूच्या खोलीत खुंटीला लागलेली जॅकेटं असतात, कपावर नाव लिहिलेलं असतं. ते कप कुणी हलवायचे हा प्रश्न कोणी तोंडाने विचारत नाही. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे अडीचला पुन्हा काटा, पुन्हा पेट्या. लेहमध्ये भाजी संपलेली असते. घरी पत्र लिहायचं तर काय लिहिणार? हवा चांगली आहे, मी मजेत आहे. आम्ही सगळ्यांनी वर्षानुवर्षं हेच लिहिलं, आणि मग तीच सवय झाली.

एक गोष्ट मी माझ्या घरातही उशिरा सांगितली. १९९९ च्या उन्हाळ्यात, कारगिलच्या वेळी, परतीच्या उड्डाणात शवपेट्या यायच्या. नियमाने त्या बांधायच्याच, हवेत हिसका बसला तर सरकायला नकोत. पण वर तिरंगा. साखळी लावायचा प्रश्नच नव्हता. नायलॉनचा पट्टा घेतला, तरी तो तिरंग्यावरून ताणायला हात धजेना. शेवटी पट्टे पेटीच्या बाजूच्या कड्यांतून ओवले, बकल खाली फरशीजवळ घेतलं, म्हणजे झेंड्यावर काहीच आलं नाही. त्याला दुप्पट वेळ लागला. कॅप्टन मागे आले, बघितलं, आणि एंजिन सुरू करायला सांगायच्या आधी मला म्हणाले, घाई नाही. मग मॅनिफेस्ट, म्हणजे विमानातल्या माणसांची आणि मालाची यादी, भरायचं. सोबतचा जवान प्रवाशांच्या यादीत. पेटीत जो आहे त्याचं नाव प्रवाशांत लिहिता येत नाही, तो वजनाच्या रकान्यात जातो. एक नाव आपल्याकडचं होतं. गाव माझ्या गावापासून तासाभराच्या वाटेवरचं. कधीतरी मीच याला वर नेलं असेल, आणि याचीही पेटी काट्यावर ठेवायला लावली असेल, हे डोक्यातून जाईना. मी पूर्ण वेळ त्या पेटीजवळ खाली बसून आलो.

म्हणून सांगतो, वडिलांना ‘युद्धात तुम्ही काय केलंत’ असं विचारू नका. त्यांना वाटेल, आपण काहीच केलं नाही, नुसता माल नेला. ‘सगळ्यात वाईट दिवस कोणता’ हेही नको. सकाळी चहाच्या वेळी, आसपास फार माणसं नसताना, विचारा, लेहला जाताना मागे काय लोड असायचा? रॉकेल असलं की पोटात वास किती दिवस राहायचा? कोंबड्या-बकऱ्या नेल्या का कधी? जवानांना मास्क लावून ठेवायला कसं सांगायचात? ते आधी आकडे सांगतील. किती टन, किती फेऱ्या, कुठलं विमान, शेपटीवरचा नंबर. ते थांबवू नका, कंटाळा दाखवू नका, जमलं तर वहीत लिहून घ्या. आमच्यासारख्यांची आठवण वजनापासून सुरू होते, माणसं त्यामागून येतात. मध्येच थांबले तर थांबू द्या, दुसऱ्या दिवशी आदल्या दिवशीचा आकडा वाचून दाखवा आणि बरोबर लिहिलाय का विचारा.

त्यांनी काही सांगितलं तर इथे कळवा. चंदीगडला १९८४ च्या सुमाराला मला शिकवणारे जे वॉरंट ऑफिसर होते ते पॅकेटवरूनच आलेले होते. वडिलांनी त्यांच्याबरोबर उड्डाण केलेलं असू शकतं. ‘नखं बघ’ म्हणणारे कोण, एवढं त्यांना विचारा.