आधी ‘एक’ म्हणजे काय ते ठरव

प्रिय विद्यार्थिमित्रा,

अनेक आशीर्वाद. तुझा तक्ता दोनदा वाचला. डाव्या रकान्यात घरचिमणी, वजन सुमारे 30 ग्रॅम. उजव्या रकान्यात शायझोफायलम कॉम्यून ही अळंबी, रुंदी 1 ते 4 सेंटिमीटर. आणि खाली तुझा प्रश्न, की दोन्ही आकडे खरे असूनही तुलना पोकळ का वाटते. पोकळ वाटते, कारण एकीकडे तू आख्खा जीव मांडला आहेस आणि दुसरीकडे नुसते फळ. वाळक्या फांदीवरचा तो लवदार, पांढुरका पंखा म्हणजे ती बुरशी नव्हे. बुरशी आत, लाकूड पचवीत पसरलेल्या तंतूंत आहे. चिमणी मोजताना ‘एक’ आयता मिळतो, तंतूंच्या जाळ्याचे मात्र दोन तुकडे केले तर दोन्ही वाढत राहतात. म्हणून आधी ‘एक’ म्हणजे काय ते ठरव.

‘लिंग’ या ओळीत उजवीकडे ‘लागू नाही’ लिहिलेस, याचा मात्र राग आला. चिमणीत नर आणि मादी एवढेच दोन. या बुरशीत परस्परांशी जुळू शकणारे 20,000 हून अधिक प्रकार आहेत, आणि तू ती ओळ रिकामी सोडतोस?

रागावण्याचा अधिकार मला फारसा नाही. ‘आयुष्य’ या ओळीत मी तुझ्या वयात ‘काही आठवडे’ असे ठोकून दिले होते. परीक्षकांनी शांतपणे विचारले, “कोणाचे आयुष्य?” मी तासभर वाद घातला आणि पुढे कित्येक वर्षे तो तक्ता कपाटाबाहेर काढला नाही. वाळवून ठेवलेल्या याच अळंबीने पन्नासहून अधिक वर्षांनी ओलावा मिळताच पुन्हा बीजाणू सोडले होते, हे मला फार उशिरा कळले. तरीही पक्षी आणि अळंबी यांची तुलनाच करू नये, असे म्हणणारे तेव्हाही चूक होते, हे मी आजही सोडणार नाही: प्राणी आणि बुरशी ही कुळे वनस्पतींपेक्षा एकमेकांना जवळची आहेत, आणि दोन्ही आपला कर्बोदकांचा साठा वनस्पतींसारखा पिष्टाच्या नव्हे, तर ग्लायकोजेनच्या रूपात करतात. तुलना योग्यच होती, एकक चुकले होते. पुन्हा सांगतो, आधी ‘एक’ ठरव.

एक वाळका पंखा ओल्या कापडावर ठेव आणि भिंगातून त्याची खालची बाजू पाहा. उभे चिरलेले, आत वळून मिटलेले पडदे हळूहळू उलगडतील. ते पाहिल्यावरच तक्ता पुन्हा हाती घे, आणि पंख्याच्या रुंदीसमोर चिमणीचे वजन मांडणारी ती ओळ आधी खोड. माझ्या जुन्या तक्त्यात ती अजून तशीच आहे.

तुझा,
एक जुना तक्तेकरी