नवरा फौजेत आणि फॉर्म माझ्या गळ्यात: वाचकांचे प्रश्न

या महिन्यात एकाच विषयावरची पत्रं जरा जास्तच आलीत. जोडीदार अमेरिकन सैन्यात, आपण भारतीय पासपोर्टवाले, आणि ग्रीन कार्डाचा घोळ. पत्रं वेगवेगळी असली तरी गैरसमज साधारण एकच दिसतो, की जोडीदार सैन्यात आहे म्हणजे सरकारला आपलं सगळं माहीतच असणार. नसतं हो. बेसवरचं ऑफिस डिफेन्स खात्याचं, ग्रीन कार्डवाली यूएससीआयएस होमलँड सिक्युरिटीची, आणि या दोघांमधले निरोप आपल्यालाच पोचवावे लागतात.

प्रश्न: ताई, माझं लग्न फेब्रुवारीत पुण्यात झालं. नवरा यूएस आर्मीत आहे, सिटिझन आहे, पोस्टिंग नॉर्थ कॅरोलायनाला. माझ्याकडे आधीपासूनचा टूरिस्ट व्हिसा आहे. त्याच्या युनिटमधले म्हणतात सरळ त्यावर ये आणि इथे आल्यावर ग्रीन कार्डाचा फॉर्म भर, आर्मी वाइफ आहेस, तुला कोण काय बोलणार. पुढे त्याची डिप्लॉयमेंट आहे म्हणून घाई आहे. येऊ का?

उत्तर: नको येऊस. कायमचं राहायचं मनात ठरवून टूरिस्ट व्हिसावर उतरणं म्हणजे एअरपोर्टवरच्या ऑफिसरशी खोटं बोलणं, आणि ते मिसरिप्रेझेंटेशन म्हणून एकदा फाइलवर चढलं की कायमची बंदी लागू शकते, मग त्याच्या माफीचा वेगळा अर्ज, वेगळी फी, वेगळी वाट बघणं. युनिटमधल्या ज्यांचं असं जमलं त्यांच्या बायका बहुतेक शिकायला वगैरे आधीच तिथे होत्या आणि लग्न नंतर ठरलं, ती गोष्ट निराळी. दुसऱ्याच्या फाइलवरून आपली फाइल चालवायची नाही, मग तो कितीही सीनियर सार्जंट असो.

सरळ रस्ता असा, नवऱ्याने आय-१३० (म्हणजे ही माझी बायको, हिला आणायचंय असा अर्ज) भरायचा, ऑनलाइन ६२५ डॉलर, कागदावर ६७५. तो सिटिझन आहे त्यामुळे तू कोट्याच्या रांगेत नाहीस (तो नुसता ग्रीन कार्डवाला असता तर असतीस). आय-१३० मंजूर झाला की फाइल नॅशनल व्हिसा सेंटरला जाते, मग डीएस-२६० म्हणजे व्हिसाचा ऑनलाइन अर्ज, पोलिस क्लिअरन्स, मेडिकल आणि मुंबईला इंटरव्ह्यू. त्या इंटरव्ह्यूला नवरा हजर असावा लागत नाही, तो डिप्लॉयमेंटवर असला तरी चालतं. घाईसाठी सैन्याचा खरा उपयोग आहे तो इथे. आय-१३० ची पावती आली की डिप्लॉयमेंट ऑर्डरची कॉपी लावून एक्सपेडाइट, म्हणजे फाइल लवकर काढा अशी विनंती, मागायचं. यूएससीआयएसची सैनिक कुटुंबांसाठी वेगळी हेल्पलाइन आहे, ८७७-२४७-४६४५, तिथे नवऱ्याने फोन करावा. मिळेलच असं नाही, ऑफिसरच्या मर्जीवर असतं, पण ऑर्डर हातात असताना न मागणं हा वेडेपणा आहे.

आता तू न विचारलेली पण खरी डोकेदुखी सांगते. नाव. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, पासपोर्टवर गिव्हन नेमच्या रकान्यात स्वतःच्या नावापुढे वडिलांचं नाव चिकटलेलं, आधारवर सासरचं, लग्नाच्या दाखल्यावर तिसरंच स्पेलिंग, आणि जन्मदाखल्यावर कित्येकांच्या बाळाच्या नावाचा रकाना चक्क कोरा असतो कारण बारसं व्हायच्या आधीच नोंद झालेली. अमेरिकन क्लार्कला ही चार वेगळी माणसं वाटतात. तेव्हा सगळीकडे पासपोर्टवरचंच नाव अक्षर न अक्षर तसंच लिही आणि बाकीची सगळी नावं 'अदर नेम्स यूज्ड' मध्ये टाक, लाजू नकोस, तो रकाना त्यासाठीच आहे. जन्मदाखल्यावर नाव नसेल तर आत्ताच नगरपालिकेत जाऊन चढवून घे, ते काम इंटरव्ह्यूची तारीख आल्यावर करायला गेलीस तर रडशील. पासपोर्टवर नाव बदलायचं असेल तर एकतर अर्जाच्या आधी नाहीतर ग्रीन कार्ड आल्यानंतर, मध्ये अजिबात नाही. मराठीतल्या कागदांना इंग्रजी भाषांतर लागतं, दोन्ही भाषा येणारा कोणीही ते करून खाली मी सक्षम आहे आणि भाषांतर अचूक आहे असं लिहून सही करू शकतो. मात्र स्वतःचं स्वतः करू नकोस, मैत्रिणीला कर म्हणावं.

प्रश्न: माझा आय-४८५ (अमेरिकेत राहूनच ग्रीन कार्ड मागायचा अर्ज) पेंडिंग आहे. मार्चमध्ये आमचं पीसीएस, म्हणजे बदली, झालं, टेक्सासहून व्हर्जिनियाला आलो. बेसवर सगळीकडे नवा पत्ता दिला, डीअर्समध्ये (सैनिक कुटुंबांच्या सरकारी नोंदणीत) पण बदलला. तरी बायोमेट्रिक्सची नोटीस जुन्या घरी गेली आणि तारीख उलटून गेली. नवरा शिपवर आहे. त्याने पॉवर ऑफ अॅटर्नी करून ठेवलीय, ती वापरून मी त्याच्या वतीने सह्या करू का? आणि आम्ही वर्षातला निम्मा वेळ वेगळे राहतो, मग इंटरव्ह्यूत लग्न खरं आहे हे दाखवायचं कसं?

उत्तर: आधी फोन उचला, वरचीच हेल्पलाइन, आणि बायोमेट्रिक्सची नवी तारीख मागा, आजच. बायोमेट्रिक्स चुकवून गप्प बसलं तर अर्ज सोडून दिला असं धरतात. डीअर्समध्ये पत्ता बदलला म्हणून यूएससीआयएसला कळत नाही. त्यांना एआर-११ या पत्ताबदलाच्या फॉर्मने वेगळं कळवायचं असतं, घर बदलल्यापासून १० दिवसांत, ऑनलाइन अकाउंटवरून होतं. पीसीएसच्या धावपळीत हे कोणाच्याच यादीत नसतं, बेसवरच्या चेकलिस्टमध्येही मी पाहिलेलं नाही, तर तुम्ही स्वतःच्या यादीत पहिलं लिहा. त्याच धर्तीवर अजून एक, डीअर्सचं डिपेंडंट आयडी कार्ड दाखवून बेसच्या गेटमधून आत जाता येतं, ट्रायकेअर म्हणजे सैन्याचा आरोग्य विमा मिळतो, कमिसरीत म्हणजे बेसवरच्या किराणा दुकानात जाता येतं, पण देशात राहायचा हक्क त्या कार्डाने मिळत नाही.

पॉवर ऑफ अॅटर्नीवर त्याची सही करू नका. घरभाडं, गाडी, बँक याला ती चालते, पण धडधाकट माणसाच्या वतीने इमिग्रेशन फॉर्मवर यूएससीआयएस ती घेत नाही. त्याने शिपवर पान प्रिंट करून पेनाने सही करावी, स्कॅन करून ईमेल करावी, तुम्ही प्रिंट काढून लावा, हे चालतं. मूळ कागद मात्र त्याने जपून ठेवावा, मागितला तर दाखवायला. टाइप केलेली सही किंवा शिक्का चालत नाही.

लग्नाच्या पुराव्याची तर तुम्हाला उगाच भीती वाटतेय. साध्या जोडप्यांकडे नसतात असे कागद तुमच्याकडे आहेत. डीअर्समधली नोंद, एलईएसवर म्हणजे पगारपत्रकावर दिसणारा डिपेंडंटसहितचा घरभाडं भत्ता (बीएएच), एसजीएलआय या सैनिकांच्या आयुर्विम्यात तुमचं नाव, डीडी-९३ म्हणजे काही बरंवाईट झालं तर कोणाला कळवायचं तो फॉर्म, तुमच्या नावासकट पीसीएस ऑर्डर, जॉइंट टॅक्स रिटर्न. वेगळं का राहिलो याचं उत्तर डिप्लॉयमेंट ऑर्डर स्वतःच देते. व्हॉट्सअॅप चॅट सगळं छापून नेऊ नका प्लीज, लोक पाचशे पानं नेतात आणि ऑफिसर एक वाचतो. दर महिन्याचं एखादं पान, थोडे फोटो, बस. एक मात्र बघून घ्या, लग्नाआधी भरलेल्या एसजीएलआय आणि डीडी-९३ वर बऱ्याच पोरांनी आईचंच नाव ठेवलेलं असतं आणि बदलायचं राहून जातं.

प्रश्न: माझी बायको नेव्हीत आहे, सिटिझन आहे, मी नाशिकला. तिचा पगार लहान आहे, नुकतीच लागलीय. अॅफिडेव्हिट ऑफ सपोर्टला (मी याचा खर्च उचलीन या हमीपत्राला) गरिबी रेषेच्या १२५ टक्के उत्पन्न लागतं असं वाचलं, तेवढं भरत नाही. आता तिच्या काकांना मधे घ्यायचं का? मला ते नकोय.

उत्तर: बहुतेक लागणार नाही. १२५ टक्के बाकीच्यांना. अॅक्टिव्ह ड्यूटीवरचा माणूस नवऱ्याला, बायकोला किंवा मुलाला स्पॉन्सर करत असेल तर गरिबी रेषेच्या गाइडलाइनच्या १०० टक्के पुरतात. शिवाय घरभाडं आणि जेवणाचा भत्ता, म्हणजे बीएएच आणि बीएएस, टॅक्स नसला तरी उत्पन्नात धरता येतो, फक्त एलईएस लावून दाखवायचा. नुसता टॅक्स रिटर्न बघून लोक घाबरतात कारण भत्ते त्यात दिसतच नाहीत. एवढं करूनही कमी पडलं तर काका, पण काकांना १०० टक्क्यांची सवलत नाही, त्यांना १२५च.

प्रश्न: आम्हाला योकोसुकाची तीन वर्षांची ऑर्डर आलीय. माझं ग्रीन कार्ड दोन वर्षांचं कंडिशनल आहे, ते आम्ही जपानमध्ये असतानाच संपेल. एवढे दिवस बाहेर राहिलं तर कार्ड जातं म्हणतात. मी इथेच थांबू का? आणि सिटिझनशिपचं काय, ते दिवस फुकट जाणार का?

उत्तर: थांबू नका, जा. ऑर्डरवर असलेल्या सैनिकासोबत राहणाऱ्या जोडीदाराने देश सोडला असं कायदा धरत नाही, आणि वर्षाहून जास्त बाहेर राहिलात तरी परत येताना रीएंट्री परमिट नाही म्हणून अडत नाही. पण ऑर्डरवर तुमचं नाव हवं, म्हणजे कमांड स्पॉन्सरशिप झालेली हवी. नवऱ्याला आठवण करा, आणि विमानात ऑर्डरची कॉपी पर्समध्ये ठेवा, चेक-इन बॅगेत नव्हे.

कंडिशन काढायचा आय-७५१ कार्ड संपायच्या आधीच्या ९० दिवसांतच भरायचा, आधी नाही नंतर नाही. जपानमधून भरताना ऑर्डरची कॉपी, दोन पासपोर्ट फोटो आणि बेसवर घेतलेल्या बोटांच्या ठशांची एफडी-२५८ कार्डं सोबत लावायची, कारण तुम्हाला बायोमेट्रिक्सला अमेरिकेत बोलावणं त्यांना जमणार नाही. पावती येते त्यावर कार्डाची मुदत ४८ महिने वाढवलेली असते. आणि चेक लिहू नका, ऑक्टोबर २०२५ पासून यूएससीआयएस कागदी चेक घेत नाही, जी-१४५० या फॉर्मवर क्रेडिट कार्डाचा नंबर लिहून पाठवायचा.

सिटिझनशिपमध्ये तर तुमची चांदीच आहे, आणि हे बेसवर अर्ध्या बायकांना ठाऊक नसतं. सिटिझनच्या जोडीदाराला एरवी ग्रीन कार्डावर तीन वर्षं थांबावं लागतं. तुम्हाला दोन वाटा आहेत. एक, कलम ३१९(बी), नवरा परदेशात पोस्टिंगवर आहे आणि तुम्ही त्याच्याबरोबर जाताय म्हणून तीन वर्षांची अटच नाही, पण इंटरव्ह्यू आणि शपथेला अमेरिकेत यावं लागतं आणि पोस्टिंग संपल्यावर अमेरिकेत परत राहायचा इरादा हवा. दुसरी, ३१९(ई), २००८ साली आलेली, यात तीन वर्षांची अट आहे पण जपानमधले दिवस अमेरिकेत राहिल्यासारखे मोजतात आणि सगळं तिकडेच पार पडू शकतं. दोन्हीला एन-४०० म्हणजे सिटिझनशिपच्या अर्जासोबत डीडी-१२७८ हा परदेशातल्या पोस्टिंगचा दाखला लागतो, तो नवऱ्याच्या कमांडकडून घ्यायचा. माझं मत विचाराल तर विमानाचं तिकीट परवडत असेल तर (बी), कारण ऑर्डर बदलतात, टूर मधेच कापली जाते, आणि मग आपण तीन वर्षं मोजत बसलेलो असतो. फी मात्र आहे, कागदावर ७६० डॉलर. सैनिकाला स्वतःला एन-४०० फुकट, जोडीदाराला नाही.

अमेरिकन झालात की भारतीय नागरिकत्व संपतं, पासपोर्ट सरेंडर करायचा आणि ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना व्हिसाशिवाय येता येतं ते कार्ड, घ्यायचं. ते तुम्हाला मिळेल, नवऱ्याला नाही, परदेशी सैन्यात असलेल्या किंवा निवृत्त झालेल्या माणसाला भारत ओसीआय देत नाही. त्याला भारतात यायला दरवेळी व्हिसा लागणार, हे आत्ताच माहीत असलेलं बरं.

प्रश्न: नाव छापू नका. माझा पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड नवऱ्याकडे कुलपात असतं. काही बोललं की म्हणतो एक फोन केला की तुझं कार्ड कॅन्सल, उद्याच्या विमानाने परत जाशील. कार्ड दोन वर्षांचंच आहे. कमांडला सांगितलं तर त्याची नोकरी जाईल आणि मग माझं काय?

उत्तर: त्याच्या एका फोनने कार्ड जात नाही. पहिल्यांदा हे डोक्यातून काढा, कारण त्याचा सगळा जोर याच एका थापेवर उभा आहे. आय-७५१ त्याच्या सहीशिवाय, एकटीने भरता येतो. मारहाण किंवा अतोनात छळ झाला असेल तर त्यासाठीची सूट आहे, त्याला घटस्फोट झालेला असावा लागत नाही, ९० दिवसांची वाटही बघावी लागत नाही. सतत धमक्या देणं, पैसे आणि कागद अडकवून ठेवणं हेही छळात मोजलं जाऊ शकतं, अंगावर वळच असायला हवेत असं नाही. आणि असा अर्ज केलाय हे यूएससीआयएस नवऱ्याला सांगू शकत नाही, तसा कायदाच आहे. (ज्यांचं ग्रीन कार्ड अजून झालेलंच नाही त्यांना याच कारणासाठी आय-३६० आहे, तोही नवऱ्याला न कळता.)

कमांडला कळू द्यायचं नसेल तर बेसवरच्या फॅमिली अॅडव्होकसी प्रोग्रामकडे रिस्ट्रिक्टेड रिपोर्ट करता येतो. त्यात मदत, समुपदेशन, डॉक्टर मिळतं पण कमांड आणि पोलिसांना कळवत नाहीत, जीवाला धोका दिसला तरच. पण आधी दुसऱ्या कोणाला, विशेषतः युनिटमधल्या कोणाला सांगू नका, तिथून बातमी कमांडपर्यंत गेली तर हा पर्याय हातातून जाऊ शकतो. जॅग ऑफिसचे, म्हणजे सैन्याच्या कायदा विभागाचे, वकील फुकट असतात, मात्र नवरा आधी तिथे जाऊन आला असेल तर ते तुमची केस घेऊ शकत नाहीत, दुसऱ्या ऑफिसला पाठवतात, म्हणून जायला उशीर करू नका. घरगुती हिंसाचाराची देशभराची हेल्पलाइन ८००-७९९-७२३३, दिवसरात्र चालू असते, दुभाष्या मागा. जीवावर बेततंय वाटलं तर थेट ९११.

कागद कुलपात आहेत म्हणून अडून राहू नका. पासपोर्ट भारतीय कॉन्सुलेटमधून नवा काढता येतो, कार्ड आय-९० भरून. त्यासाठी तुमचा ए-नंबर, म्हणजे इमिग्रेशन फाइलचा नंबर, लागेल, तो यूएससीआयएसच्या कुठल्याही जुन्या नोटिशीवर असतो, तिचा फोटो काढून विश्वासातल्या मैत्रिणीला पाठवा आणि आपल्या फोनमधून पुसून टाका. आणि वकिलाशी बोलायला नवा ईमेल काढा, ज्याचा पासवर्ड त्याला माहीत नाही असा, शक्यतो लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवरून.