मन लागायची वाट बघू नकोस

रोज कामात मन लागत नाही म्हणतोस. ते लागायची वाट बघत बसू नकोस, एवढं आधी सांगतो. मीही वर्षभर नुसत्या वह्या आणल्या, वेळापत्रकं रंगवली. पहिली चार पानं सुवाच्य, पुढची कोरी. पाचवं पान लिहिलं तेव्हा उत्साह वगैरे काही नव्हता. दहा मिनिटं बसायचं, एवढंच ठरवलं होतं. बसल्यावर हात चालायला लागला.

आणि स्वतःला बक्षिसाची लालूच जपून दाखव. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्रं काढायची आवड असलेल्या लहान मुलांवर प्रयोग केला. काहींना आधीच प्रशस्तिपत्राचं आमिष दाखवलं. पुढं मोकळ्या वेळेत ती मुलं इतरांच्या जेमतेम निम्मा वेळ चित्रं काढत बसली. अचानक बक्षीस मिळालेल्यांचं मात्र काही बिघडलं नाही. (म्हणून पगार नाकारू नकोस, तो वेगळा विषय!)

डेसी आणि रायन हे मानसशास्त्रज्ञ म्हणतात, मन लागायला माणसाला तीन गोष्टी लागतात: स्वतः निवडल्याची भावना, जमतंय ही जाणीव आणि आपली माणसं. तुझं तिसऱ्यावरच अडलंय, असं मला वाटतं. एकटाच झगडतोयस. आठवड्याचं काम, अर्धवट का असेना, कुणाला तरी दाखव. मला पाठवलंस तरी चालेल.