धर्मसंस्थेच्या कॉलेजात एमएसडब्ल्यू: वाचकांचे प्रश्न

मुलगी बीए झाली. मुंबईत ख्रिस्ती धर्मभगिनींनी चालवलेल्या कॉलेजात एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करायचं म्हणते. आमचं घर वारकरी. तिथं तिला प्रार्थनेला बसावं लागेल का? आणि पुढं नोकरी फक्त मिशनच्या संस्थांतच मिळते का?
— एक पालक, संगमनेर

प्रार्थनेपुरतं उत्तर राज्यघटनेतच आहे. सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत विद्यार्थ्याला त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही, असं कलम २८(३) सांगतं. विद्यार्थी अल्पवयीन असेल तर संमती पालकाची लागते. तुमची मुलगी सज्ञान आहे, तेव्हा बसायचं की नाही हे तिचं तिनं ठरवावं.

नोकरीच्या जाहिरातीत एमएसडब्ल्यू पदवी मागतात, ती विद्यापीठाची असते. निर्मला निकेतन हे समाजकार्य महाविद्यालय डॉटर्स ऑफ द हार्ट ऑफ मेरी या धर्मभगिनींच्या संघानं १९५५ मध्ये सुरू केलं, पण पदवी मुंबई विद्यापीठाची. सरकारी रुग्णालयातलं समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय) हे पद असो की जिल्हा बाल संरक्षण कक्षातली नोकरी, कॉलेज कुणी चालवलं याचा तिथं संबंध येत नाही. आपल्याकडं या शिक्षणाची सुरुवातही अशीच झाली. १९३६ मध्ये मुंबईत टाटांच्या देणगीतून समाजकार्याची पहिली शिक्षणसंस्था निघाली, तिचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅन्शार्ट हे अमेरिकन मिशनरी होते. संस्था मात्र कुठल्याही धर्माची झाली नाही.

अल्पसंख्याक दर्जाच्या कॉलेजात काही जागा त्या समाजासाठी राखीव असतात. अर्जाची फी भरण्याआधी माहितीपत्रकात खुल्या जागा किती ते पाहा.

धर्मापेक्षा काळजीनं तपासायचं ते क्षेत्रकार्य. या शिक्षणाचा अर्धा जीव त्यातच आहे. साधारणपणे आठवड्यातले दोन दिवस विद्यार्थी एखाद्या संस्थेत किंवा वस्तीत प्रत्यक्ष काम करतात. मागच्या वर्षी विद्यार्थी कुठं कुठं पाठवले, त्याची यादी मागा. एका पर्यवेक्षकाकडं किती विद्यार्थी असतात, तो दर आठवड्याला प्रत्येकाशी वेगळा बसतो का, ग्रामीण शिबिराचा खर्च कुणाचा, हेही विचारा. यादीत त्याच धर्मसंस्थेचं बालगृह, दवाखाना आणि वृद्धाश्रम एवढंच असेल तर सावध व्हा. अशा ठिकाणी संस्थेचा प्रमुख, पर्यवेक्षक आणि वसतिगृहाची अधीक्षक एकाच वर्तुळातले असतात, आणि काही खटकलं तर मुलगी बोलत नाही. पोलीस ठाण्यातला महिला कक्ष, महापालिकेचं रुग्णालय, कामगार वस्ती, शाळा असं वैविध्य हवं.

प्रवेशाआधी दोन-तीन महिने हाताशी असतील तर मुलीनं गावातल्या एखाद्या संस्थेत नियमित जावं आणि रोज पानभर लिहावं. मुलाखतीत ‘समाजसेवेची आवड आहे’ एवढ्यानं भागत नाही. अंगणवाडीत पोरं दुपारनंतर का थांबत नाहीत, असं स्वतः पाहिलेलं एक निरीक्षण नीट मांडलं तर पुढचे प्रश्न त्यावरच येतात. वाचन बरंचसं इंग्रजीत असतं. मराठी माध्यमातल्या मुलांची पहिल्या सत्रात दमछाक होते ती इथंच. रोज दोन पानं इंग्रजी वाचून त्याचा सारांश मराठीत लिहायला आत्ताच लागावं.

एमएसडब्ल्यूच्या पहिल्या वर्षाला आहे. माझे अहवाल ‘निरीक्षण नाही’ असा शेरा मारून परत येतात. शिवाय वस्तीतली एक बाई म्हणते, माझ्यासोबत प्रार्थना कर. काय करू?
— विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर

‘कुटुंब गरीब आहे’ हा निष्कर्ष झाला. ‘दहा बाय दहाची खोली, सहा माणसं, नळ नाही, थोरली मुलगी शाळेच्या वेळेत पाण्याच्या रांगेत’ हे निरीक्षण. अहवालात चार गोष्टी वेगळ्या ठेवा: काय दिसलं, सेवार्थी (ज्यांच्यासाठी तुम्ही काम करता ती माणसं) त्यांच्या शब्दांत काय बोलले, तुम्हाला काय वाटलं, तुम्ही काय केलं. त्याच रात्री लिहा. दोन दिवसांनी लिहिलं की त्यांचे शब्द जाऊन तुमचे शब्द येतात. नावं बदला.

त्या बाईंची श्रद्धा हा त्यांचा आधार आहे, तो मोडू नका. त्यांची प्रार्थना होईपर्यंत शांत बसलात तर काही बिघडत नाही. आपण होऊन प्रार्थना सुचवणं, पत्रकं देणं, मदतीच्या बोलण्यात देवाधर्माचा विषय काढणं हे मात्र कधीही नाही. तुमच्या हातात रेशनच्या अर्जाची चावी आहे असं ज्यांना वाटतं, त्यांना तुम्हाला नाही म्हणता येत नाही. हा प्रसंग पर्यवेक्षकाला जरूर सांगा आणि अहवालातही लिहा.

आणखी एक. ‘कुणालाही सांगणार नाही’ असं वचन सेवार्थींना देऊ नका. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. संस्थेचं नाव खराब होईल म्हणून कुणी थांबायला सांगितलं, अगदी धर्मगुरूनं सांगितलं, तरी ती जबाबदारी टळत नाही. भेटीच्या सुरुवातीलाच म्हणा, ‘तुमचं बोलणं माझ्यापाशी राहील, पण कुणाच्या जिवाला किंवा मुलाला धोका असेल तर मला सांगावं लागेल.’

भाचा अमेरिकेतल्या एका ख्रिस्ती विद्यापीठात सोशल वर्कला जातोय. काय पाहावं?
— एक वाचक, ठाणे

आधी त्या अभ्यासक्रमाला सीएसडब्ल्यूई या समाजकार्य शिक्षणाच्या अमेरिकन परिषदेची मान्यता आहे का ते पाहा. नुसती विद्यापीठाची मान्यता पुरत नाही, कारण सोशल वर्करचा राज्याचा परवाना मिळवताना ही मान्यता विचारतात. तिथं क्षेत्रकार्य तासांत मोजतात: पदवीला किमान ४००, पदव्युत्तरला किमान ९००. आपलं कलम २८ तिथं लागू नाही. खासगी धार्मिक विद्यापीठ चॅपलची (तिथल्या प्रार्थनेची) हजेरी किंवा वर्तनाच्या नियमांवर सही मागू शकतं, तेव्हा विद्यार्थी नियमावली प्रवेशाआधीच वाचून घ्यावी. ती पटली नाही तर दुसरं विद्यापीठ पाहावं. सही करून मग कुढत दोन वर्षं काढू नयेत.