इंकस्केपमध्ये पाटीतून अक्षरं वजा करताना 'डिफरन्स' का फसतं?

इंकस्केप या चित्र काढण्याच्या प्रोग्राममध्ये तुम्हाला 200 × 80 मिमीच्या आयताकृती पाटीतून 'सावली' हे घराचं नाव लेझरने आरपार कापायचं आहे. 'पाथ' मेनूतलं 'डिफरन्स', म्हणजे एका आकारातून दुसरा वजा करणारा आदेश, दिल्यावर एकदा काहीच झालं नाही, एकदा पाटी आणि अक्षरं दोन्ही गायब झाली, आणि एकदा कापलं गेलं खरं, पण शिरोरेषेच्या सांध्यांवर चौकोनी तुकडे तसेच राहिले. या तीन वेगळ्या चुका आहेत, त्यामुळे एकाच उपायाने तिन्ही जाणार नाहीत.

आधी गायब होण्याचं बघू, कारण ते सगळ्यात सोपं आहे. इंकस्केपमध्ये खालच्या वस्तूतून वरची वस्तू वजा होते. कोणती आधी निवडली याला महत्त्व नाही, थरात खाली कोण आहे याला आहे. तुमची अक्षरं आधी लिहिली गेली आणि पाटी नंतर काढली, म्हणून पाटी वर बसली. अक्षरांतून पूर्ण पाटी वजा केली तर उरणार काय? काहीच नाही. अक्षरं पाटीच्या पूर्ण आत असल्याने उत्तर शून्य येतं आणि दोन्ही वस्तू जातात. कंट्रोल + झेड करा, फक्त पाटी निवडा, 'एंड' कळ दाबून तिला तळाला पाठवा आणि पुन्हा करा. उरलेल्या आकाराला रंग आणि रेघ (कडेची रेषा, म्हणजे स्ट्रोक) खालच्या वस्तूची मिळते. वजाबाकीनंतर रंग अनपेक्षित दिसला, तर क्रम उलटा झाला होता असं समजा.

तुम्ही आधी कोरलड्रॉ या दुसऱ्या चित्रप्रोग्रामवर हात बसवला असेल तर इथे गोंधळ होणारच. तिथल्या 'ट्रिम'मध्ये शिफ्ट धरून एकेक वस्तू निवडली, तर शेवटी निवडलेली वस्तू कापली जाते. ती सवय इंकस्केपमध्ये उपयोगाची नाही.

आता 'काहीच झालं नाही' याबद्दल. खिडकीच्या तळाशी असलेली पट्टी, म्हणजे स्टेटस बार, वाचायची सवय लावा. निवडलेली वस्तू पाथ (नोड म्हणजे बिंदू जोडून झालेली रेषा किंवा आकार) आहे, आयत आहे, मजकूर आहे की ग्रुप, हे तिथे लिहून येतं. आदेश नाकारला गेला तर त्याचं कारणही तिथेच दोन-चार सेकंद दिसतं. नवशिक्यांचं लक्ष चित्रावर असतं, म्हणून तो संदेश हुकतो. बहुतेक वेळा कारण या तिघांपैकी एक निघतं: निवडलेल्यांत ग्रुप आहे, क्लोन (मूळ वस्तूशी जोडलेली प्रत) आहे, किंवा दोनपेक्षा जास्त वस्तू आहेत. ग्रुप शिफ्ट + कंट्रोल + जी ने सोडवा. ग्रुपच्या आत ग्रुप असू शकतो, म्हणून पट्टीवर 'पाथ' दिसेपर्यंत तेच करत राहा. क्लोन असेल तर शिफ्ट + ऑल्ट + डी ने त्याचा मूळ वस्तूशी असलेला दुवा तोडा. फोटो किंवा स्कॅन केलेली सही असेल तर तो पाथ नसतोच. आधी 'ट्रेस बिटमॅप'ने त्याचा पाथ करावा लागेल.

तुमच्या बाबतीत ग्रुपच असणार. मजकुरावर शिफ्ट + कंट्रोल + सी म्हणजे 'ऑब्जेक्ट टू पाथ' दिलं की अक्षरांचे सुटे पाथ होतात आणि ते एका ग्रुपमध्ये बसतात. मजकूर पाथ न करता थेटही वजा होतो, पण देवनागरीसाठी तो रस्ता घेऊ नका. कारण तुमच्या तिसऱ्या अडचणीत आहे.

देवनागरी फाँटात प्रत्येक अक्षर आपल्यापुरती शिरोरेषा घेऊन येतं आणि दोन अक्षरांमध्ये फट दिसू नये म्हणून ती शेजारच्या अक्षरावर थोडी चढवलेली असते. रोमन अक्षरं सहसा सुटी असतात, म्हणून इंग्रजी व्हिडिओ बघून शिकणाऱ्याला हा प्रश्न दिसतच नाही. अशी एकमेकांवर चढलेली अक्षरं तुम्ही 'कंबाइन' म्हणजे कंट्रोल + के ने जोडली आणि भरण्याचा नियम 'इव्हन-ऑड' असला, तर जिथे दोन थर आले तिथे सम संख्या होते आणि तो भाग रिकामा मानला जातो. तेच तुमचे चौकोनी तुकडे. 'कंबाइन' फक्त पाथ एका नावाखाली गोळा करतं, कडा एकजीव करत नाही. इथे लागतं ते 'युनियन': ग्रुप सोडवा, सगळी अक्षरं निवडा, कंट्रोल + अधिक दाबा. शिरोरेषा अखंड होईल आणि पट्टीवर एकच पाथ दिसेल. 'कंबाइन' आधीच केलं असेल तर 'फिल अँड स्ट्रोक'मध्ये भरण्याच्या नियमाचं बटण बदलून भराव सलग करा आणि त्या एकट्या पाथवर 'युनियन' द्या. एका पाथवरही ते चालतं. यामुळे 'दोनच वस्तू हव्यात' हा प्रश्नही सुटतो, कारण आता खाली पाटी आणि वर एक पाथ एवढंच उरतं. कंट्रोल + वजा दाबा.

इतकं करूनही फरक दिसला नाही तर वजाबाकी झालेली असण्याची शक्यता जास्त. अक्षरं पांढरी होती आणि मागचं पानही पांढरं, मग भोक आणि अक्षर सारखंच दिसणार. मागे एखादा लाल आयत सरकवून पाहा. दुसरा सापळा कॉपीचा आहे. अक्षरं हातची जाऊ नयेत म्हणून कंट्रोल + डी ने प्रत करून ठेवणं चांगलंच, पण ती प्रत मूळ वस्तूच्या तंतोतंत वर बसते. मूळ अक्षरं वजा होतात आणि प्रत त्याच भोकात बसून राहते. प्रत केली की लगेच पानाबाहेर ओढून ठेवा.

रेघेबद्दलही सांगायला हवं. वजाबाकी पाथच्या मधल्या रेषेवर होते, रेघेची जाडी तिला दिसत नाही. भराव नसलेली 4 मिमी जाडीची वळणदार नक्षी पाटीतून वजा केलीत, तर नक्षीऐवजी तिच्या दोन टोकांमध्ये सरळ रेष धरून तयार झालेला भलताच तुकडा कापला जातो. आधी कंट्रोल + ऑल्ट + सी ने 'स्ट्रोक टू पाथ' करा. दोन नोडच्या सरळ रेषेला क्षेत्रफळच नसतं, तिच्याने काहीच कापलं जाणार नाही. पाटीचे दोन भाग करायचे असतील तर 'डिफरन्स' सोडून 'डिव्हिजन' वापरा. मापाचा घोळही रेघेमुळेच होतो. मूळ सेटिंगमध्ये वरच्या रकान्यातल्या रुंदीत रेघेची जाडीही धरलेली असते, म्हणून 1 मिमी रेघ असलेली '200 मिमी'ची पाटी पाथच्या मापाने 199 मिमी भरते. लेझर पाथवरून चालतो. प्रेफरन्सेसमध्ये 'टूल्स'खाली 'जिऑमेट्रिक बाउंडिंग बॉक्स' निवडा किंवा रेघ काढून टाकून मग माप घाला.

आरपार कापायचं आहे म्हणून आणखी एक गोष्ट, आणि ही वजाबाकीच्या आधी करायची आहे. 'व'च्या पोटातला भाग चारही बाजूंनी अक्षराने वेढलेला आहे. अक्षर कापलं की तो भाग खाली पडेल आणि 'व'च्या जागी नुसता खड्डा दिसेल. बहुतेक फाँटांत 'ली'च्या वेलांटीची कमान आणि शिरोरेषा यांच्यामधल्या जागेचंही तेच होतं. तिथे पूल ठेवावे लागतात. निदान लाकडाच्या जाडीइतके रुंद, म्हणजे 3 मिमी प्लायला 3 मिमीचे छोटे आयत काढा. एक 'व'च्या पोटातून डावी कड ओलांडून बाहेर जाणारा, दुसरा कमानीच्या आतून वर बाहेर पडणारा. दोन्ही आयत अक्षरांच्या वर असू द्या, 'युनियन'ने एक करा आणि अक्षरांच्या पाथमधून वजा करा. अक्षरात फट पडेल, म्हणजेच पाटीत तिथे लाकूड शिल्लक राहील. मग ही पूल ठेवलेली अक्षरं पाटीतून वजा करा.

वजाबाकीनंतर 'ब्रेक अपार्ट' मात्र दाबू नका. भोकंही स्वतंत्र भरीव आकार होऊन बसतात आणि पाटी पुन्हा सपाट दिसते. चुकून दाबलं गेलंच तर लगेच कंट्रोल + झेड करा. तुमच्याकडे 1.3 किंवा त्यानंतरची आवृत्ती असेल तर 'शेप बिल्डर'ने हेच काम तुकड्यांवर क्लिक करून होतं, पण क्रम आणि पाथ समजण्याआधी त्याच्याकडे वळू नका. तिथे चूक झाली तर ती कुठे झाली हे शोधणं जड जातं.

फाइल कापायला देण्यापूर्वी 'व्ह्यू' मेनूतून आउटलाइन दृश्य लावा, कंट्रोल + ए करा आणि पट्टी वाचा. एकच पाथ दिसायला हवा. दोन वस्तू दिसल्या तर अक्षरांची एखादी प्रत अजून भोकात पडून आहे, आणि लेझर त्याच रेषेवरून दोनदा फिरून कड जाळेल.